सुट्या सांध्यांचा बेंच

नवरा घर सोडून गेला तेव्हा पुढच्या खोलीत लाकडाचे चार पाय भिंतीला टेकून उभे होते आणि दोन जाडजूड तुळया जमिनीवर आडव्या पडल्या होत्या. चिठ्ठीत त्याने तीनच गोष्टी लिहिल्या होत्या. तो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या बाईबरोबर राहायला जातोय. यात तुझी काही चूक नाही. आणि लाकूड विकून टाक. स्वतःच्या वडिलांबद्दल चकार शब्द नव्हता. वडील आतल्या खोलीत झोपले होते.

ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. पेशंट तिला फोटोवाली म्हणायचे, आणि हळूहळू डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळेच म्हणायला लागले. घर म्हणजे हॉस्पिटलचं क्वार्टर, दुसऱ्या मजल्यावरचं, तिच्या नावावर मिळालेलं. सासरे घड्याळजी. चाळीस वर्षं त्यांनी एका बोळाएवढ्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून, लोकांची थांबलेली घड्याळं चालू केली. मग सासूबाई गेल्या, पाठोपाठ दुकानाची इमारत पाडली, आणि हत्यारांची एक डबी घेऊन ते मुलाकडे राहायला आले. आता मुलगाच निघून गेला होता आणि ते सुनेच्या घरात उरले होते.

नवऱ्याला नव्याची हौस मोठी. आधी मासे पाळले, मग गिटार आणली, मग डोंगर चढायची सायकल. सुतारकाम हे त्याचं शेवटचं खूळ. निदान या घरातलं शेवटचं. व्हिडिओ बघून बघून त्याने रंधे आणले, पटाश्या आणल्या, तीन प्रकारच्या करवती आणल्या. एक जुनी शाळा पाडत होते, तिथून तुळया उचलून आणल्या. सुतारकाम करायचं तर आधी बेंच पाहिजे, म्हणाला. पाय कापून झाले, आणि त्याने पाय काढता घेतला.

दीड-दोन महिने घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. फोटोवाली सकाळी कामावर जायची, संध्याकाळी येऊन स्वयंपाक करायची. घड्याळजी तुळईला वळसा घालून न्हाणीघरात जायचे, वळसा घालून परत यायचे. अंधारात तिच्या पायाला दोनदा ठेच लागली. शेवटी तिने लाकूड घेणाऱ्याला बोलावलं. तो आला, तुळईवर टिचकी मारून बघितलं, उद्या माणसं पाठवतो म्हणाला.

तो गेल्यावर घड्याळजी म्हणाले, "देऊ नकोस."

"बाबा, करायचंय काय त्याचं?"

"अर्धवट उघडलेलं घड्याळ मी कधी गिऱ्हाइकाला परत दिलेलं नाही."

तिला रागही आला आणि हसूही आलं. कित्येक आठवड्यांनी ते एवढं लांबलचक वाक्य बोलले होते. तिने फोन करून माणसं पाठवू नका म्हणून सांगितलं.

पहिल्याच रविवारी एक गोष्ट कळून चुकली. बेंच करायला आधी बेंच लागतो. रंधा मारायचा तर लाकूड जागचं हलता कामा नये, आणि लाकूड धरून ठेवायला तर बेंच पाहिजे. रंधा पुढे ढकलला की तुळई पुढे, तुळईमागे फोटोवाली, असे दोघं खोलीभर फिरत होते. मग तुळईचं एक टोक भिंतीला लावलं आणि दुसऱ्या टोकावर घड्याळजी मांडी घालून बसले.

"मीच वाइस, मीच शिकंजा," ते म्हणाले. "घट्ट धरलंय. मार."

ते मूळचे काटकुळे. तिने जोर लावला की तेही तुळईबरोबर सरकायचे. शेवटी तिने धान्याचा भरलेला डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. ते तसेच डबा कवटाळून बसले आणि ती रंधा मारत राहिली. त्या दिवशी दोघांचं मिळून एक वीत लाकूड साफ झालं. तिच्या तळहाताला फोड आला, त्यांच्या कमरेत उसण भरली. रात्री जेवताना दोघंही न बोलता जेवले, पण ते न बोलणं निराळं होतं.

खालच्या मजल्यावर एक नर्स राहायची, रात्रपाळी करून दुपारपर्यंत झोपायची. तिला त्रास नको म्हणून संध्याकाळी चार ते सहा अशी वेळ ठरली. फोटोवाली कामावरून आली की घड्याळजी पटाश्यांना धार लावून तयार बसलेले असायचे. पटाशी दगडावर घासावी कशी हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. हाताच्या मागच्या बाजूचे केस भादरून ते धार तपासायचे. महिन्याभरात त्यांचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला.

लाकूड सपाट झालं की नाही बघायला ते त्यावर लोखंडी पट्टी उभी धरायचे आणि खिडकीकडे तोंड करून पट्टीखालून उजेड येतो का ते बघायचे.

"इथं अर्धा केस उजेड येतोय."

"बाबा, हे घड्याळ नाही. बेंच आहे."

"अर्धा केस म्हणजे अर्धा केस."

ती पुन्हा रंधा उचलायची. तक्रार करायची, पण उचलायची.

जुन्या तुळयांत मोडके खिळे होते. एका खिळ्याने मोठ्या रंध्याचं पातं दाताएवढं तुटलं, आणि घड्याळजींनी ते पातं असं हातात धरलं की जणू घरात कुणी आजारी पडलंय. वाइसचा जबडा ज्या तुकड्यातून करायचा होता तो तिने दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून हॉस्पिटलात नेला. जेवणाच्या सुट्टीत मुदत संपलेल्या फिल्मवर त्याचा एक्स-रे काढला. घरी येऊन घड्याळजींनी ती फिल्म खिडकीशी धरली. लाकडाच्या रेषा पाण्यासारख्या दिसत होत्या आणि एका कडेला पांढरा ठिपका होता.

"खिळा आहे," ते डॉक्टरी आवाजात म्हणाले. "बाकी हाड मजबूत आहे. पेशंटला अंघोळ चालेल."

ती हसली. हसता हसता तिला रडू यायला लागलं म्हणून स्वयंपाकघरात गेली. ते तिच्या मागे गेले नाहीत. पटाशी घेऊन खिळा कोरून काढत बसले, जरा जास्तच आवाज करत.

वाइसला स्क्रू पाहिजे होता, चांगला लांब आणि जाड. तो हॉस्पिटलच्या भंगारात सापडला. पेशंटला उठवून बसवायच्या जुन्या पलंगाला खाली दांडा असतो, तो फिरवला की पाठ वर येते. तसला एक मोडका पलंग मागच्या आवारात कित्येक वर्षं गंजत होता. स्टोअरकीपरने स्क्रू आणि नट दोन्ही काढून घेऊ दिले. घड्याळजींनी आठवडाभर तो रॉकेलमध्ये भिजवला, दात घासायच्या ब्रशने त्याचा एकेक आटा साफ केला.

"आयुष्यभर केसाएवढे स्क्रू फिरवले," ते म्हणाले. "चिमट्यातून निसटला की दुकानभर गुडघ्यावर शोधत बसायचो. हा पडला तर शोधायला नको. पाय मोडला की समजेल कुठं पडला ते."

बेंचच्या पायालाच समोरून एक उभी फळी, तोच वाइसचा जबडा. मधून पलंगाचा स्क्रू. तळाशी एक आडवी पट्टी, तिला ओळीने भोकं, भोकात खुंटी घालायची म्हणजे जबडा वाकडा न होता सरळ दाबला जातो. ती भोकं तिने गिरमिटाने पाडली, एकूण अठरा. गिरमिटाच्या मुठीवर छाती टेकून जोर द्यावा लागायचा; ब्लाउजखाली गोल वळ उठला होता.

सांधे कसे करायचे यावर दोघांचं जमेना. तिला सरस लावून कायमचं चिकटवायचं होतं. घड्याळजी हटून बसले. म्हणाले, सुटे ठेवायचे, पाचर मारून घट्ट करायचे, पाचर काढली की मोकळे. "उद्या तुला दुसऱ्या मजल्यावरून उतरवायचा झाला तर? जे उघडता येत नाही ते दुरुस्त करता येत नाही." तिने ऐकलं.

बेंच उभा राहायला अकरा महिने लागले. पहिल्यांदा वाइसमध्ये फळी धरून त्यांनी दांडा फिरवला, आणि फळी अशी पकडली गेली की घड्याळजी तिला लोंबकळले तरी हलेना. सत्तर वर्षांचा माणूस फळीला लोंबकळतोय आणि फोटोवाली दारात उभी राहून बघतेय. त्या संध्याकाळी त्यांनी दुसरं काहीच केलं नाही. नुसतं धरलं आणि सोडलं, धरलं आणि सोडलं.

त्यानंतर त्यांनी एक स्टूल केलं, खालच्या नर्सला पाय वर ठेवायला चौरंगासारखं एक बुटकं टेबल केलं, आणि फोटोवालीच्या कागदपत्रांसाठी दोन खणांची पेटी केली. वर्षभर असं गेलं. कोर्टाने काडीमोड मंजूर केला त्या दिवशीसुद्धा ते पेटीचं झाकण बसवत होते. तिने घरी येऊन कागद टेबलावर ठेवला आणि हात धुऊन रंधा उचलला. घड्याळजी म्हणाले, "आज राहू दे." ती म्हणाली, "आजच करू." झाकण बसलं.

मग हॉस्पिटलचा फॉर्म आला. क्वार्टरमध्ये कोण कोण राहतं, नातं काय, हे दरवर्षी लिहून द्यावं लागायचं. ऑफिसातल्या क्लार्कने तिचा फॉर्म बघितला आणि पेन खाली ठेवलं.

"सासरे? काडीमोड झाल्यावर सासरे कसले, बाई?"

"मग काय लिहू?"

"नातं असेल ते लिहा. नसेल तर त्यांचं नाव काढा. बाहेरचा माणूस क्वार्टरमध्ये ठेवता येत नाही."

ती खिडकीशी थोडा वेळ उभी राहिली. मागच्या माणसाने घसा खाकरला. तिने नवीन फॉर्म मागून घेतला आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, वडील. क्लार्कने न वाचताच शिक्का मारला.

तिचे स्वतःचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते, आणि त्यांच्या मृत्यूचा दाखला याच ऑफिसात तिच्या फाइलला लावलेला होता. कुणी फाइल उघडली असती तर सगळं बाहेर आलं असतं. तिला ते माहीत होतं. फॉर्मची प्रत तिने पेटीच्या खालच्या खणात ठेवून दिली आणि कुणाला काही बोलली नाही.

घड्याळजींनी ती प्रत वाचली. खण अडकत होता म्हणून घासायला बाहेर काढला आणि कागद हाती लागला. त्यांनी तो दोनदा वाचला, होता तसा ठेवला, आणि तेही काही बोलले नाहीत. फक्त त्या संध्याकाळी पटाशीला धार लावता लावता विचारलं, "सरकारी कागदावर खोटं लिहिलं तर नोकरी जाते का गं?"

"कुणाची?"

"असंच. पेपरात आलं होतं काहीतरी."

"जात असेल," ती म्हणाली. तिचं लक्ष करवतीकडे होतं.

पंधरा दिवसांनी मुलाचा फोन आला, वडिलांना. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याने नवीन जागा घेतली होती, तिला मोठी गच्ची होती, आणि आता त्याला पुन्हा सुतारकाम करावंसं वाटत होतं. माझी हत्यारं आहेत ना अजून, त्याने विचारलं. आहेत, वडील म्हणाले. आणि लाकूड? लाकडाचा बेंच झालाय, वडील म्हणाले, आणि आपण हे का सांगितलं असं त्यांना त्याच क्षणी वाटलं.

शनिवारी दुपारी तो छोटा ट्रक घेऊन आला. जरा जाडा झाला होता. फोटोवालीला त्याने "कशी आहेस?" असं विचारलं, आणि तिने "बरी आहे" म्हटलं. मग तो बेंचकडे गेला, त्यावरून हात फिरवला, वाइसचा दांडा फिरवून बघितला.

"मस्त झालाय," तो म्हणाला. "कुणाकडून करून घेतलात?"

घड्याळजींनी दांडा होता तसा परत फिरवून ठेवला.

"तू लाकूड विकायला सांगितलं होतंस," ती म्हणाली.

"हो, पण विकलं नाहीस ना. म्हणजे आहे तर आहे. तुला याचा काय उपयोग? अख्खी खोली अडलीय." तो भांडायला आला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. हत्यारं त्याची, तुळया त्याच्या. तिच्या मनात सतरा उत्तरं आली, पण समोर त्याचे वडील उभे होते, आणि त्यांच्यादेखत त्यांच्या मुलाला हाकलून द्यायचं तिच्या जिवावर आलं. ती म्हणाली, "घेऊन जा."

सांधे सुटे होते. घड्याळजींनी स्वतः हातोडी घेतली आणि एकेक पाचर ठोकून बाहेर काढली. अकरा महिन्यांचं काम वीस मिनिटांत मोकळं झालं. ट्रकवाल्याने आणि मुलाने मिळून ते खाली नेलं. शेवटी फोटोवाली पलंगाचा स्क्रू घेऊन जिना उतरली. तो जड होता, दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

मुलगा दोर आवळत होता. दोर आवळता आवळताच म्हणाला, "बाबा, तुम्हीपण चला ना. आता जागा आहे. इथं कशाला?"

घड्याळजींनी सुनेकडे बघितलं. तिला वाटलं, दोन वर्षांनी का होईना, पोटच्या पोराने बोलावलंय. यांनी मनातून किती वाट बघितली असेल. आपण कोण अडवणार? नका जाऊ म्हणावं असं तोंडापर्यंत आलं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "तुमची गोळ्यांची पाकिटं दहाच दिवसांची उरलीत. भरून आणावी लागतील."

"तिकडं मिळतील की," मुलगा म्हणाला.

"हो," घड्याळजी म्हणाले. "तिकडं मिळतील."

ते वर जाऊन पिशवी भरून आले. ट्रकमध्ये चढताना त्यांनी चप्पल काढून झटकली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. ट्रक गेला. वर पुढच्या खोलीत फरशीवर बेंचच्या पायांचे चार फिकट चौकोन होते, आणि भुसा. तिने झाडू मारला. कोपऱ्यातला भुसा निघता निघेना.

चार महिने ती गेली नाही. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. ठीक आहे, जेवलो, हवा बरी आहे, एवढंच. बेंचबद्दल विचारलं की म्हणायचे, "आहे." एकदा तिने सुट्टी काढली आणि न सांगता बसने गेली.

दार नव्या सुनेने उघडलं. ती गरोदर होती, दिवस भरत आले होते, उभी राहिली तरी दम लागत होता. मुलगा कामावर होता. तिने पाणी दिलं, "ते गच्चीवर असतात," म्हणाली. वाईट वागली नाही.

गच्चीवर बेंच उन्हात उघडा पडला होता. त्यावर कुंड्या आणि रंगाचे डबे. ऊनपावसाने दोन तुळयांमध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती. वाइसच्या दांड्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती आणि स्क्रू गंजून लाल झाला होता. घड्याळजी सावलीत खुर्चीवर बसले होते. तिला बघून उठले नाहीत, नुसता हात वर केला.

"त्याने एकदा रंधा मारला," ते म्हणाले. "वेळ होत नाही त्याला. कामं असतात."

ती त्यांच्याजवळ गच्चीच्या कठड्यावर बसली.

"त्या दिवशी तू गोळ्यांचं बोललीस," ते म्हणाले.

"मग?"

"मला वाटलं, जायची सोय बघतेयस माझी."

"मी वेळ काढत होते, बाबा. दुसरं काही सुचेना."

त्यांनी मान हलवली. "तो फॉर्म मी वाचला होता. म्हटलं, माझ्यापायी हिची नोकरी जायची."

"ते माझं मी बघितलं असतं."

"हो. बघितलं असतंस."

"मग आता चला. आत्ता, माझ्याबरोबर. पाचची बस आहे."

ते आतल्या दाराकडे बघत राहिले. "हिचे दिवस भरलेत. आत्ता निघालो तर तो म्हणेल, नेमके वेळेला उठून गेले. आणि तिथं येऊन परत तू कागदावर खोटं लिहिणार. बाहेरचाच म्हणून राहायचं, तर इथं राहिलो काय आणि तिथं काय. निदान तुझं नुकसान नको."

"आणि तुमचं?"

"माझं आता काय व्हायचंय?"

आणखी आग्रह केला असता तर ते आले असते की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

साडेचारला ती निघाली. घड्याळजी दारापर्यंत आले. त्याच वेळी शेजारीण एक भांडं परत द्यायला आली होती. तिने फोटोवालीकडे बघितलं आणि विचारलं, "या कोण?"

नवी सून जमिनीकडे बघत होती. मग घड्याळजी म्हणाले, "ओळखीच्या आहेत. आधी राहायचो तिथल्या." आणि फोटोवालीकडे वळून म्हणाले, "सावकाश जा हं तुम्ही."

"हो," ती म्हणाली. तिने चपला घातल्या आणि जिना उतरली.

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा ती समोरच बसली होती. उचलून काय म्हणायचं ते तिला सुचेना. बाबा म्हणावं, तर ते तिकडून कुणासमोर बोलत असतील कोण जाणे. फोन वाजून वाजून थांबला. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच झालं, आणि तिसऱ्याही. चौथ्या रविवारी फोन आला नाही. ती संध्याकाळपर्यंत थांबली आणि मग तिने स्वतःच लावला. नव्या सुनेने उचलला. मागे तान्हं बाळ रडत होतं.

"झोपलेत ते," ती म्हणाली. "हल्ली दिवसाचेही झोपून असतात. कुणाचा फोन होता म्हणून सांगू?"

"राहू द्या," फोटोवाली म्हणाली.